न प्यायलेल्या कॉफीचा नफा

बत्तीस वर्षे बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हा उद्योग संपेल असे वाटले होते. पण नातेवाईक तो संपू देत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर थोरल्या बहिणीचा फोन आला. "तुझ्या भाच्याने नोकरी सोडलीय. कॉफीचं दुकान काढतोय म्हणे. माझी एक ठेव मोडून देतेय मी त्याला. तू एकदा आकडे बघून घे रे." ताईने सल्ला विचारला असे म्हणता येणार नाही, कारण ठेव मोडायचे तिने ठरवूनच टाकले होते. तिला फक्त कोणीतरी 'ठीक आहे' म्हणायला हवे होते.

पुढच्या रविवारी भाचा आणि त्याची बायको दोघेही लॅपटॉप घेऊन आले. कोथरूडमधल्या एका गल्लीत गाळा पाहिला होता. भाडे, अनामत, जुने पण चांगल्या स्थितीतले इटालियन यंत्र, फर्निचर, दोन मुलांचे पगार, सगळे नीट मांडले होते. मुलगा हुशार आहे, यात शंका नाही. मात्र नफ्याच्या पानावर एकच ओळ ठळक केलेली होती : महिन्याचा पास, १,४९९ रुपये, रोज एक कॉफी.

"मामा, एका कॅपुचिनोची किंमत १८० रुपये. नऊ कप प्यायले की गिऱ्हाइकाचे पैसे वसूल. म्हणजे त्याला हा सौदा फायद्याचाच वाटणार. आणि शंभर पास विकले की एक तारखेला दीड लाख रुपये हातात. भाडं निघालं, पगार निघाले!"

"आणि शंभर माणसं तीस दिवस आली तर?"

"सगळे रोज थोडेच येतात?"

कोणत्याही पास योजनेचे सगळे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. दुकानदार पास विकतो तो येणाऱ्याला. पण त्याचा हिशेब बसलेला असतो न येणाऱ्यावर.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. माझ्या पिढीतले जे कोणी शिक्षणासाठी पुण्यात येऊन राहिले, त्यांनी ती सदाशिव पेठेतल्या खानावळींत रोज दोन वेळा अनुभवली आहे. महिन्याचे पैसे आगाऊ. न जेवलेल्या जेवणाला 'खाडा' म्हणत. पण तो असा सहजासहजी पदरात पडत नसे. आमच्या काकूंच्या खानावळीत भिंतीवर खडूने नियम लिहिलेला होता : सलग चार वेळा न जेवल्यास आणि आदल्या दिवशी कळवल्यासच खाडा धरला जाईल. अचानक मित्राकडे जेवलात, सिनेमाला गेलात, तापाने फणफणलात, तर ते जेवण काकूंचे. आम्ही पोरे त्यावरून पुष्कळ कुरकुर करत असू. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असे. त्या दिवशी मात्र सगळ्या खानावळीत एकही खाडा नसे.

बँकेत लागल्यावर माझ्या लक्षात आले की काकूंचा खरा नफा आमच्या चुकलेल्या जेवणांत नव्हताच. तो होता अंदाजात. आज रात्री बेचाळीस पाने आहेत हे त्यांना दुपारीच ठाऊक असे. तेवढीच कणीक भिजे, तेवढाच भात शिजे. उरणे नाही, कमी पडणे नाही. आदल्या दिवशी सांगण्याची अट त्यासाठी होती. सभासदाला जेवण स्वस्त मिळे, कारण त्याच्या येण्याजाण्याची खात्री काकूंना मिळे. सौदा दोन्ही बाजूंनी चोख होता.

मुंबईच्या गिरणगावात याच्या उलट चाले. तिथल्या बायका गिरणी कामगारांना घरी जेवू घालत, पण पैसे मिळत ते पगार झाल्यावर, महिन्याच्या शेवटी. तोवरचे धान्य वाण्याकडून उधारीवर, चढ्या व्याजाने. महिन्याचे गिऱ्हाईक होते, खात्री होती, तरी नफा व्याजात जाई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जे मिळू लागली, तेव्हा कुठे ती गाठ सैल झाली. पैसा आधी येतो की नंतर, एवढ्या एका गोष्टीवर धंदा तरतो किंवा बुडतो, हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "म्हणूनच तर पास! पैसे आधी!"

ही कल्पना त्याने खानावळीवरून घेतलेली नाही. ती लंडनहून आली आहे. तो तिथे दोन वर्षे शिकायला होता आणि ज्या पासावर त्याने ही दोन वर्षे काढली, त्याची कहाणी आपल्या आजच्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे.

लंडनमध्ये प्रेट अ माँजे नावाची सँडविच आणि कॉफीच्या दुकानांची साखळी आहे. १९८६ मध्ये सिंक्लेअर बीचम आणि ज्युलियन मेटकाफ या दोघांनी ती आजच्या स्वरूपात सुरू केली. ऑफिसला जाणारी मंडळी हे तिचे हुकमी गिऱ्हाईक. २०२० मध्ये करोनाने ऑफिसेच बंद पाडली आणि या साखळीचे कंबरडे मोडले. तीस दुकाने बंद करण्याची घोषणा झाली, सुमारे तीन हजार नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने पास काढला : महिना २० पौंड, आणि दिवसाला पाच पेयांपर्यंत फुकट. पहिला महिना तर पूर्णच फुकट. तेव्हा तिथे एका लाटेची किंमत तीन पौंडांच्या आसपास होती. म्हणजे सात-आठ कपांत पैसे वसूल. दिवसाला पाचप्रमाणे कोणी महिनाभर नेटाने पीत राहिला, तर दीडशे कप! एका कपाला पंधरा पेन्ससुद्धा पडत नाहीत.

रिकाम्या दुकानात माणसे परत आणायची हा हेतू असेल तर योजना उत्तम होती. यंत्र उभेच होते, नोकर उभेच होते. माणूस कॉफीला आला तर एखादे सँडविचही घेईल, अशी आशा. पण पुढे ऑफिसे उघडली, रांगा परत लागल्या आणि त्या रांगांत फुकट कॉफीवालेही उभे राहिले. पासाची किंमत २०२२ मध्ये २५ पौंड झाली. २०२३ मध्ये ती ३० पौंडांवर गेली. त्या बदल्यात खाद्यपदार्थांवर वीस टक्के सूट आली. म्हणजे एकाच सँडविचवर दोन किमती, एक पासवाल्याची, एक इतरांची. बिनपासाचे गिऱ्हाईक साहजिकच चिडले. आपल्याला महाग पडते आहे हे त्याला रोज फलकावर वाचावे लागत होते. अखेर जुलै २०२४ मध्ये कंपनीने ही पाच फुकट पेयांची योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२४ पासून नवा पास आला : महिना १० पौंड (सुरुवातीचे काही महिने ५), आणि दिवसाला पाच पेये निम्म्या किमतीत. वीस टक्क्यांची सूटही गेली.

भाच्याने यातली एक गोष्ट मला हसत हसत कबूल केली. त्याच्या पासावर तो आणि त्याचा खोलीतला मित्र दोघेही कॉफी पीत. "म्हणजे तू त्यांचं तोट्यातलं गिऱ्हाईक होतास," मी म्हटले. "आणि आता तुझ्यासारखीच शंभर गिऱ्हाइकं तू पैसे देऊन बोलावतो आहेस."

आता दुसरे दुकान पाहा. अमेरिकेत पनेरा नावाची बेकरी-कॅफेची साखळी आहे. तिने २०२० च्याच सुरुवातीला महिना ८.९९ डॉलरमध्ये अमर्याद कॉफीचा पास काढला. अट एवढीच की दोन तासांत एक कप. ती योजना बंद पडली नाही. उलट २०२२ मध्ये सरबते आणि थंड पेयेही तिच्यात घालून किंमत १०.९९ डॉलर केली. गंमत अशी की या दोन्ही साखळ्यांची मालकी एकाच गटाकडे होती : जेएबी या युरोपातल्या कंपनीने पनेरा २०१७ मध्ये आणि प्रेट २०१८ मध्ये विकत घेतली. एकच मालक, एकच कल्पना. मग एकीकडे ती फुलली आणि दुसरीकडे गुंडाळावी लागली, असे का?

माझ्या मते उत्तर कॉफीच्या भांड्यात आहे. पनेराची कॉफी मोठ्या थर्मासमध्ये गाळून ठेवलेली असते. गिऱ्हाईक कप घेतो आणि आपला आपण भरून घेतो. एक कप जास्त गेला तर दुकानाचा खर्च थोडीशी पूड आणि गरम पाण्याचा. प्रेटची कॉफी मात्र यंत्रावर उभा असलेला माणूस करतो. तो दाणे दळतो, दूध फेसाळतो, कप हातात देतो. एका कपाला दोन-तीन मिनिटे. सकाळी नऊ वाजता त्या रांगेत दहा पासवाले उभे असतील, तर अकरावा रोखीचा माणूस घड्याळ बघतो आणि निघून जातो. पासाचा हा खर्च वहीत कुठेच दिसत नाही.

गिऱ्हाइकाची एक फेरी वाढली तर खर्च किती वाढतो, हा पहिला प्रश्न. मुंबईच्या लोकलचा मासिक पास वर्षानुवर्षे चालतो, कारण गाडी धावणारच असते. तुम्ही चढलात म्हणून तिला जादा वीज लागत नाही. (जागा लागते, पण त्याची काळजी रेल्वे कधी करताना दिसत नाही.) व्यायामशाळेचेही तसेच. अर्थतज्ज्ञ स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तर डॉलरहून जास्त मासिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारदाच जात. म्हणजे एका फेरीला सतरा डॉलर पडत, आणि शेजारीच दहा डॉलरला एक फेरी देणारे दहा फेऱ्यांचे कूपन उपलब्ध होते! माणसाला स्वतःच्या आळसाचा अंदाज नसतो. व्यायामशाळेच्या मालकाला असतो.

पण कॉफी हा व्यायाम नव्हे. व्यायाम टाळण्याकडे माणसाचा कल असतो, कॉफी पिण्याकडे असतो. व्यायामशाळेचे गणित घेऊन कॉफीचे दुकान काढणे म्हणजे काकूंनी रोज रविवारचे जेवण ठेवून खाड्यांची वाट पाहण्यासारखे आहे. मूव्हीपास या अमेरिकन कंपनीने नेमके हेच केले. २०१७ मध्ये तिने महिना ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा देऊ केला आणि थिएटरला मात्र बहुतेक तिकिटांचे पूर्ण पैसे ती स्वतः मोजत होती. वर्षभरात तीस लाख सभासद झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये सेवा बंद पडली आणि २०२० मध्ये दिवाळे निघाले. गिऱ्हाईक नाही म्हणून धंदे बुडालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. गिऱ्हाईक आले म्हणून बुडालेला हा एक.

एवढे सांगून झाल्यावर आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. लॅपटॉप मी बंद करायला लावला. एका कॅपुचिनोला दूध, दाणे, साखर, कागदी कप आणि झाकण मिळून सुमारे ४० रुपये माल लागतो, असे भाचेसुनेने काढले होते. कर बाजूला ठेवू. मग मी विचारले, पास कोण घेईल?

हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. शंभर पास म्हणजे शंभर सारखी माणसे, असे त्यांनी धरले होते. पण पास सर्वांत आधी घेतो तो जो आधीच रोज येतो तो. समजा शंभरातले चाळीस असे आहेत : एरवी महिन्यात वीस वेळा येऊन १८० रुपये रोख देणारे. उरलेले साठ महिन्यातून दोनदा येणारे. पास नसताना या शंभर जणांकडून दुकानाला १,६५,६०० रुपये मिळाले असते आणि ९२० कपांचा माल वजा जाता १,२८,८०० उरले असते. पास काढल्यावर हाती आले १,४९,९००. रोजचे गिऱ्हाईक आता चोवीस वेळा येते, नवे दहा वेळा. कप झाले १,५६०. माल वजा जाता उरले ८७,५००.

"म्हणजे महिन्याला एक्केचाळीस हजार कमी?" भाचा दोनदा बेरीज करून म्हणाला.

कमीच. आणि गल्ल्यावर मात्र गर्दी दुप्पट दिसणार. हा तोटा भरून काढायचा तर वाढलेल्या ६४० फेऱ्यांपैकी प्रत्येक फेरीत गिऱ्हाइकाने कॉफीबरोबर असे काही खाल्ले पाहिजे, की दुकानाला ६५ रुपये सुटतील. एखाद्या सँडविचवर ८० रुपये सुटतात असे धरले तरी पाचांतल्या चौघांनी ते घ्यायला हवे. पास घेणारा काटकसरी माणूस पाचांतून चार वेळा सँडविच घेत नाही. तो घरून डबा आणतो आणि तुमच्या टेबलावर उघडतो.

मग ते दीड लाखाचे. एक तारखेला आलेले हे पैसे माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत उत्पन्न नव्हे, देणे आहे. बँकेत ठेव आली की आम्ही ती नफ्यात धरत नसू. ज्या दुकानदाराने ते पैसे पहिल्या आठवड्यात भाडे-पगारात संपवले, त्याच्यापुढे वीस तारखेला दूधवाला उभा राहतो. आणि त्याला द्यायला पुढच्या महिन्याचे पास विकावे लागतात. असे फिरणारे चाक मी अनेक फायलींत पाहिले आहे. ते फिरते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी नफा वाढवायचा एक सोपा मार्ग दुकानदाराला दिसू लागतो, तो म्हणजे पास बंद करणे अवघड करणे. पैसे दरमहा खात्यातून आपोआप जातात. नको म्हणायचे बटन सापडत नाही. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार जाहीर केले, त्यात हा 'वर्गणीचा सापळा' नावानिशी आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप जाणाऱ्या पैशांची सूचना चोवीस तास आधी देणे बंधनकारक केले. पण सूचना येते आणि आपण ती न वाचताच पुसतो. आज घरोघरी सिनेमांची वर्गणी, गाण्यांची, मुलांच्या शिकवणीची, दुधाच्या घरपोच पिशवीची. एकदा सवडीने बँकेचे उतारे घेऊन बसा. माझ्या स्वतःच्या उताऱ्यात योगासनांची एक वर्गणी सापडली; मी सात महिने ती भरत होतो आणि एकदाही आसन घातले नव्हते.

"मग पास काढूच नये का?" भाचेसुनेने विचारले. ती इतका वेळ फारशी बोलली नव्हती.

काढावा, पण काकूंचा. ज्यात माणूस आला तर दुकानाला आनंद झाला पाहिजे. प्रेटही शेवटी तिथेच आली : थोडी वर्गणी, आणि मग प्रत्येक कपाला काहीतरी पैसे. आम्ही तसा हिशेब मांडला. पास १४९ रुपयांचा, कॉफी १८० ऐवजी १२६ ला. रोजचा माणूस बावीस वेळा येईल, नवा सहा वेळा, असे सावधपणे धरले. माल वजा जाता १,२१,५४० उरले. पास नसतानापेक्षा सात हजारांनी कमी, पण फेऱ्या ३२० ने जास्त. एका जादा फेरीमागे २३ रुपये खाण्यावर सुटले की झाले. तीन-चार जणांत एकाने बनमस्का घेतला तरी ते निघतात. शिवाय कोणी पाच कप प्यायला तर पाचही कपांवर पैसे सुटतात. त्याच्या पोटाची आपल्याला चिंता नाही.

त्यावर भाचेसुनेने एक भर घातली आणि ती मला सर्वांत आवडली. दुपारी दोन ते पाच दुकान रिकामे असते. खुर्च्या आहेत, मुले बसून आहेत, यंत्र तापलेले आहे. तेवढ्या वेळात पासवाल्याला कॉफी ९० ला. हे लोकलच्या गाडीसारखे आहे, नुसतीच धावायची त्यापेक्षा कोणीतरी चढलेले बरे. सकाळच्या रांगेत मात्र भाव १२६ च. पास मोबाइलवर नाही, पुठ्ठ्याचा. पुढच्या महिन्याचा घ्यायचा तर येऊन घ्यायचा. खात्यातून आपोआप काही जाणार नाही. भाच्याला हे फार जुनाट वाटले. बायकोने ऐकले नाही.

ताईची ठेव मोडली. मी 'ठीक आहे' म्हटले नाही, 'बघू' म्हटले. दुकान फेब्रुवारीत उघडले. दुपारी महाविद्यालयातली मुले आणि आसपासची चार निवृत्त माणसे असतात, त्यांतला एक मी. पुठ्ठ्याच्या पासांची संख्या गेल्या महिन्यात त्रेसष्ट झाली. भाच्याला शंभर हवे होते. भाचेसून वहीत पास मोजत नाही, विकलेले बनमस्के मोजते. दुकान अजून नफ्यात आलेले नाही, पण दूधवाल्याचे बिल वेळेवर जाते. ताई रोज रात्री मला फोन करून विचारते, आज गर्दी होती का.

गेल्या आठवड्यात गुडघा दुखत होता म्हणून चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन. "मामा, बरे आहात ना? चार दिवस दिसला नाहीत."

मी म्हटले, "आदल्या दिवशी कळवायला विसरलो. पण चार झालेत, खाडा मांड."